झाकली मूठ मिठाची

दिंद्रुडच्या दस्तगीरला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक स्वतःची जीभ आणि दुसरी नवी वेल्डिंग मशीन. माणसाला कशाचा तरी अभिमान असावाच, नाहीतर तो सकाळी उठून दुकान उघडणार कशाला? पण ह्या दोघी एका घरात नांदणाऱ्या नव्हेत, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नव्हतं.

आधी जिभेचं सांगतो. गावाबाहेर लिंबाखाली दर्गा आहे. गावातली निम्मी घरं तिथं नवस बोलतात, आणि नवस पावला की बोकड कापून कंदुरी करतात. नवस कोणाचाही असो, जेवायला सगळं गाव. स्वयंपाक मात्र न चाखता करायचा. आधी दर्ग्यावर ताट जातं, फातिहाची दुआ वाचली जाते, मग पातेल्यातला रस्सा एकाच माणसानं तळहातावर घेऊन चाखायचा आणि मिठाचं सांगायचं. तो म्हणेल ते शेवटचं. हा मिठाचा मान दस्तगीरच्या अब्बांकडे होता आणि अब्बांच्या मागं दस्तगीरकडे आला. तो डोळे मिटून थेंब जिभेवर फिरवायचा तेव्हा रडती पोरंसुद्धा गप्प व्हायची. मग डोळे उघडून म्हणायचा, "एक मूठ." मीठ पडायचं, आणि रस्सा असा उतरायचा की लोक बोटं चाटत घरी जायचे. "आचारी चांगला हाय, पण धुळाजीचा हात एका मुठीनं आखूड," असं अब्बा म्हणायचे. दस्तगीरही तेच म्हणायचा, आणि धुळाजी खाली मान घालून हसायचा.

आता मशीनचं. दस्तगीरनं जन्मभर रॉड जाळून गेट, ग्रील आणि ट्रॉल्या जोडल्या. यंदा त्याच्या बीडच्या भाच्यानं, जाकीरनं, मोटारसायकलवर बांधून नेता येईल अशी छोटी मशीन आणून दिली. तिच्या पोटात तारेचं रीळ. बंदुकीचा घोडा दाबला की तार आपली आपण पुढं सरकते आणि वितळत जाते. तारेच्या आतच पावडर भरलेली, म्हणून गॅसची टाकी नको, आणि वारा सुटला तरी काम अडत नाही. दस्तगीरनं पहिल्या दिवशी दुकानातलं सगळं भंगार एकमेकांना जोडून टाकलं, इतका त्याला आनंद झाला.

"मामू, ही शेळी न्हाई, समोर दिसंल तो पाला खायला," जाकीर म्हणाला होता. "लोखंडाला ही तार. स्टीलला ही दुसरी, बारक्या रिळाची. ॲल्युमिनियमच्या नादी लागूच नका, त्याला गॅस लागतो, तार मऊ लागती, बंदूकबी निराळी. आन जस्ती पाईप आला तर जोडाच्या दोन्ही अंगाचं जस्त आधी घासून काढा. काम उघड्यावर करा, धूर तोंडावर येऊ देऊ नका, तोंडाला फिल्टरचा मास्क लावा. रुमाल न्हाई, मास्क."

"हां, हां," दस्तगीर म्हणाला. लग्नात गुरुजी मंत्र म्हणतात तेव्हा नवरदेव जसा मान हलवतो तशी त्यानं मान हलवली.

तर यंदा कंदुरी होती राधाकिशनची. राधाकिशन म्हणजे दस्तगीरचा शाळेपासूनचा दोस्त, दोघं एकाच बाकावर बसून एकत्र नापास झालेले. त्याची लेक स्वप्नाली एसटीत कंडक्टर म्हणून लागली, आणि तिच्या आईनं नोकरीसाठी बोललेला नवस आता फेडायचा होता. गुरुवारी जेवणावळ. बुधवारी दुपारी दस्तगीर मशीन बांधून दर्ग्यावर हजर. मोडकं-तोडकं काय असेल ते आणा म्हणाला, आणि गावानं आणलं.

काम त्यानं बघण्यासारखं केलं, उगाच नावं ठेवणार नाही. पातेलं ठेवायच्या लोखंडी चुलीचा पाय निखळला होता. त्यानं गंज घासून लोखंड पांढरं केलं, मशीनचा चिमटा स्वच्छ जागी लावला आणि पाय असा बसवला की चुलीवर माणूस उभा राहावा. वाढायच्या स्टीलच्या बादलीची कडी सुटली होती. त्यानं रीळ बदललं, करंट उतरवला आणि थांबत थांबत टाके मारले, कारण पातळ स्टील जास्त तापलं की भोक पडतं. मग कोणीतरी ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं आणलं, एक कान तुटलेलं. सुग्रीव नावाचा एक सदा शहाणा गावात आहे, तो म्हणाला, "मार की बे टाका. मशीन कशाला आणलीस?"

"ह्याचा कान जोडायचा न्हाई, टोचायचा," दस्तगीर म्हणाला, आणि ड्रिलनं भोकं पाडून त्यानं कान रिव्हेटनं ठोकून दिला. लोक हसले. जाकीर असता तर त्यानं मामूची पाठ थोपटली असती.

शेवटी राहिली पाण्याच्या टाकीची घडवंची, जस्ती पाईपाची. दोन जोड सुटले होते. तोवर शाळा सुटली आणि पोरांचा घोळका निळा उजेड बघायला जमला. उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग बघितलं की रात्रभर डोळ्यात वाळू पडल्यागत होतं, हे दस्तगीरला पक्कं ठाऊक होतं; त्यानं स्वतः तरुणपणी डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून रात्री काढल्या होत्या. पोरांना हाकललं तरी ती जाईनात. तेव्हा त्यानं घडवंची उचलून शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली आणि आतून दार लावून घेतलं. पोरांचे डोळे वाचले. पण आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जस्त घासायची ग्राइंडरची चकती झिजून संपली होती, नवी दुकानात राहिली होती आणि मास्क तिच्या शेजारी. दोनच तर जोड, असं म्हणून त्यानं ओला रुमाल तोंडाला बांधला आणि घोडा दाबला.

पांढराफेक धूर निघाला. कापूस पिंजल्यासारखे तंतू शेडभर तरंगायला लागले. दस्तगीर खोकत खोकत बाहेर आला, पण जोड पक्के झाले होते. धुरावर उतारा म्हणून त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला. साखरेच्या आजारामुळं बायकोनं, सायरानं, घरात गूळ बंद केला होता, त्यामुळं धुराचं निमित्त त्याला तसं बरंच वाटलं. मग एकावर एक असे तीन खडे झाले.

संध्याकाळी अंगात थंडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजायला लागले. "काय झालं?" सायरानं विचारलं. "काही न्हाई, उन्हात काम केलं," तो म्हणाला. तोंड गोड-गोड लागत होतं, पण ते गुळामुळं असेल आणि गुळाचं तर बायकोला सांगायची सोय नव्हती. चोराच्या मनात चांदणं असतं, तसा तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी ताप उतरला. सायरानं चहा दिला. एक घोट घेऊन दस्तगीरनं कप खाली ठेवला.

"साखर काऊन घातली एवढी?"

सायरा त्याच्याकडे बघतच राहिली. "बिनसाखरेचा हाय. लग्नापासून चहा करून देतेय, आता मला साखर आणि मीठ वळखू येईना का?"

"मग हे गोड कशानं लागायलंय? मारायचा विचार हाय का मला?"

आता सायरा ही काही ऐकून घेणारी बाई नव्हे. तिनं तोच कप उचलला, उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि म्हणाली, "कडू हाय. तुमच्यावाणीच." मग तिनं लोणच्याची फोड त्याच्या तोंडात घातली. तीही गोड लागली, वर लोखंडाचा खिळा चघळल्यासारखी चव. दस्तगीरचा चेहरा उतरला. सायरानं आणखी काही न विचारता बीडला जाकीरला फोन लावला आणि मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला.

"मामू, जस्त घासलं होतं का?" जाकीरनं पहिलाच प्रश्न केला. दस्तगीरनं मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. "काम उघड्यावर केलं होतं का?" मोबाइल पुन्हा पहिल्या कानाला. "मास्क?"

"रुमाल हुता. ओला," दस्तगीर म्हणाला. "आन वर गूळ खाल्ला."

सायरानं कपाळाला हात लावला.

"गूळ पोटात जातो मामू, धूर छातीत जातो. त्यांची गाठ कुठं पडणार?" जाकीर म्हणाला. "दम लागायला का? छातीत दुखायलंय का? लागत असंल तर आधी दवाखाना गाठा. न्हाई ना? मग हा जस्ताचा ताप हाय. एक-दोन दिवसांत जीभ जाग्यावर येईल. पोरं होती तर ताडपत्रीचा आडोसा करायचा, काम उघड्यावर ठेवायचं. दार लावून कोण जस्त जाळतं?"

एक-दोन दिवस. आणि कंदुरी आज दुपारी. दस्तगीर ओट्यावर बसून राहिला. त्याला छातीची भीती वाटत नव्हती, भीती वाटत होती मिठाची. गावचा रस्सा त्याच्या जिभेवर, आणि जिभेला लोणचं नि चहा सारखाच. सांगावं तर मान जाणार; आणि जाणार कोणाकडे, तर त्या सुग्रीवकडे, जो गेली कित्येक वर्षं 'आमाला काय जिभा न्हाईत का' म्हणत टपून बसला होता. अब्बांचा मान आपल्या हातून जायचा, या विचारानं त्याला खरोखर रडू येईल असं वाटलं.

"राधाकिशनभाईला सांगून टाका," सायरा म्हणाली.

"कशाला सांगायचं? धुळाजीचा हात आखूडच हाय. एक मूठ म्हणलं की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आन यंदा त्यानं बरोबर घातलं असंल तर? गावाला खारट जेवण घालणार?"

दस्तगीरला एकदम पायजमा बदलायची आठवण झाली आणि तो आत गेला.

दुपारी दर्ग्यावर नुसता आनंद लोटला होता. लिंबाखाली चुलींवर पातेली रटरटत होती, वाटलेल्या खोबऱ्याचा आणि काळ्या मसाल्याचा वास पार सडकेपर्यंत गेला होता. टाकी घडवंचीवर ऐटीत बसली होती. स्वप्नाली खाकी गणवेशातच आली होती, कारण आईचा हट्ट होता की पिरानं तिला कंडक्टर झालेली बघावं. बायका तिला तिकिटं मागत होत्या आणि ती "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून त्यांना हसवत होती. ताट गेलं, फातिहा झाला. मग राधाकिशननं हाक दिली, "दस्तगीर, ये बे. मीठ बघ."

गर्दी दोन्हीकडे झाली. धुळाजीनं पळीभर रस्सा काढून त्याच्या तळहातावर थेंब ओतला. दस्तगीरनं डोळे मिटले. जिभेवर गुळवणी. नुसतं गोड, खिळ्याच्या चवीचं गुळवणी. पोरं गप्प झाली. 'एक मूठ' हे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले, कोणाला कधी कळलं नसतं. पण मिटल्या डोळ्यांपुढं त्याला दोस्ताचं घर दिसलं, जिथं तो लहानपणापासून जेवत आला होता. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आणि इथं तर खुद्द मिठाच्याच बाबतीत खोटं बोलायची वेळ आली होती. ते काही त्याच्या घशाखाली उतरेना.

त्यानं डोळे उघडले. "राधाकिशन, मला सांगता येत न्हाई. जस्ताचा धूर गेलाय छातीत, जीभ बिघडलीय. सकाळपासून मला समदं गोड लागायलंय. मान ज्याला द्यायचा त्याला दे."

सुग्रीव हात धुऊन पुढं सरकला, हे सगळ्यांनी पाहिलं.

राधाकिशननं दोस्ताकडे नीट बघितलं. "जीभ बिघडली तर बिघडली. मान कुठं बिघडलाय? मान तुझाच हाय. आज कुणाच्या जिभेनं चाखायचं तेवढं सांग."

दस्तगीरचा आधी कानांवर विश्वास बसेना. मग त्यानं बायकांच्या घोळक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सायराच्या. सकाळी मी तिच्या जिभेवर संशय घेतलता."

बायकांनी सायराला ढकलतच पुढं आणलं. आजवर कंदुरीचं मीठ कोण्या बाईनं चाखलं नव्हतं, पण चाखू नये असंही कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं म्हाताऱ्या नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. सायरानं डोक्यावरचा पदर सारखा केला, थेंब चाखला, आणि नवऱ्यासारखे डोळेबिळे न मिटता सरळ सांगितलं, "एक मूठ कमी हाय."

यावर धुळाजी हसायला लागला. आधी गालात, मग खांदे हलायला लागले, मग पळी खाली ठेवून तो चुलीपासून बाजूला झाला आणि डोळे पुसू लागला.

"काय झालं बे?" राधाकिशन म्हणाला.

"कमी असणारच. मीच ठिवलंय," धुळाजी म्हणाला. "दरसाल एक मूठ राखूनच मीठ घालतो मी. माझा बापबी तसंच करायचा. त्यानं मला सांगितलतं, दस्तगीरच्या अब्बाला आपण मानानं बोलावतो, तर त्यांना सांगायला काहीतरी ठिवावं. नुसतं 'बरोबर हाय' म्हणायला कुणाला मानानं बोलावतेत का?"

लोक असे हसले की लिंबावरचे कावळे उडाले. सुग्रीव तर मांड्या थोपटायला लागला. "म्हणजे इतकी वर्सं ह्याची जीभ नुसती फुकटची."

दस्तगीर मात्र हसला नाही. त्याला लागलं. आयुष्यभर ज्या जिभेच्या जोरावर ताठ मानेनं चाललो, ती कोणीतरी आपल्याला खेळायला दिलेली होती, असं त्याला वाटलं. अब्बा आठवले, डोळे मिटून थेंब फिरवणारे. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, आणि ते 'धुळाजीचा हात आखूड' म्हणत सुखानं गेले.

धुळाजीनं मिठाची पितळी परात त्याच्यापुढं धरली. "घाला, दस्तगीरभाई."

"तूच घाल. तुझ्या मुठीचं माप तुला ठावं."

"माझ्या मुठीचं न्हाई," धुळाजी म्हणाला. तो आता हसत नव्हता. "तुमच्या मुठीचं माप धरून राखतो मी. तुमच्या अब्बाची मूठ थोर होती, तवा माझा बाप आन त्याच्या मागं मीबी जास्त राखायचो. ते गेले त्या साली तुमची मूठ बघून मी माप बदललं. मीठ टाकायचो मी, पण तुमच्या मुठीएवढं, कारण तुमी कधी परातीला हात लावला न्हाई."

दस्तगीरनं आपल्या हाताकडे बघितलं. ठिणग्यांच्या डागांनी भरलेला, नखं काळी झालेला हात. एक माणूस इतकी वर्षं या हाताकडे नीट बघत होता, त्याचं माप मनात धरून होता, आणि वरून आखूड हाताचा म्हणवून घेऊन खाली मान घालत होता. आपल्या जिभेचा एवढा अभिमान त्याला कधी वाटला नव्हता, जेवढा त्या घटकेला धुळाजीच्या मुकेपणाचा वाटला. त्यानं परातीतून मूठ भरली. मग काय मनात आलं, सायराचा हात ओढून आपल्या भरल्या मुठीवर ठेवला, आणि दोघांनी मिळून मीठ पातेल्यात सोडलं. बायकांनी लग्नातल्यासारखा गलका केला आणि सायरानं लाजून हात सोडवून घेतला.

"बाई, चाख परत," राधाकिशन म्हणाला.

सायरानं चाखलं. "आता झालं."

पंगती बसल्या. दस्तगीर पहिल्या पंगतीत होता आणि सुग्रीव त्याच्या शेजारी, कारण शहाण्या माणसाला भूक लवकर लागते. भाकरी कुस्करून लोक रस्सा ओरपत होते, नाकं वाहत होती, पाण्याचे तांबे फिरत होते. राधाकिशन हात जोडून पंगतीतून चालत होता आणि यजमानानं म्हणायचं ते म्हणत होता, "सावकाश होऊ द्या. कमी-जास्त झालं असंल, गोड मानून घ्या."

दस्तगीरपुढं येऊन तो थांबला. दोस्ताच्या ताटात तिसऱ्यांदा रस्सा होता.

"गोड मानून घे, दस्तगीर."

"मानायचं कशाला बे," दस्तगीर म्हणाला, "मला तर समद्यात जास्त गोड लागायलाय." आणि त्यानं धुळाजीला हाक मारून पुन्हा वाटी पुढं केली.